आईच्या नडगीतली काळी जागा

९ सप्टेंबर

आज पाना हातातून निसटला. आईच्या पायाभोवतीच्या लोखंडी रिंगेवर टण्ण वाजून खाली पडला — वीतभर इकडे आला असता तर आईच्या नडगीवरच! आई हसली. मला हसू आलं नाही.

सकाळचा क्रम आता बसला आहे. आईला उठवून बसवायचं. तोंड धुवायला पाणी, मिश्रीची डबी, थुंकायला राखेचं टोपलं. तिचे दात घासून होईपर्यंत मी चहा ठेवतो. मग पाय. कातडीतून जिथे जिथे तार आत गेली आहे, तिथे उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने पुसायचं. प्रत्येक जागेला नवा कापूस. मग नट. दिवसातून चार वेळा, दर वेळी पाव फेरा. जास्त नाही, कमी नाही.

दुपारचा फेरा शेजारच्या कौशल्याकाकूंवर सोपवणं मला जमत नाही. दुपारी बीडहून पालीला येतो, नट फिरवतो, पुन्हा फ्लेक्सच्या दुकानात जातो. दस्तगीरभाई मालक आहेत, पण रागावत नाहीत. एवढंच म्हणतात, "सारं पेट्रोल त्या नटाला पाजतो बे तू."

११ सप्टेंबर

बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो — हा पिंजरा कशाला? माझं उत्तर दर वेळी भरकटतं. एकदा नीट मांडून ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात पाली फाट्यावर टिपरच्या धक्क्याने आईची नडगी मोडली. आत स्टीलची पट्टी बसवली. पू झाला. पट्टी काढली, मेलेलं हाडही काढलं. मधे हाडच नाही अशी जागा उरली. ती भरायला डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये ही रिंग लावली. वरचं चांगलं हाड मुद्दाम कापलं. कापलेला तुकडा तारांनी रिंगेला बांधला आहे. नट फिरवला की तो केसभर खाली सरकतो. तो खाली जाईल तशी त्याच्या मागे फट पडते, आणि त्या फटीत शरीर स्वतःच नवं हाड भरतं. तुकडा खालच्या हाडाला जाऊन टेकला की पाय अखंड.

हे कौशल्याकाकूंना सांगितलं. त्यांनी हनुवटीवर बोट ठेवलं. "म्हंजी मोडलेलं जोडायला आजून एक जागी मोडलं?"

आई म्हणाली, "मोडलं तर मोडलं. आता भरलं म्हंजी झालं."

१५ सप्टेंबर

अंडं परत माझ्याच ताटात. भूक न्हाई म्हणते. डॉक्टरांनी अंडी सांगितली, दूध सांगितलं, मोड आलेली मटकी सांगितली. मी वाढतो, ती अर्धं माझ्याकडे सरकवते. पहिल्यापासून तशीच आहे. चिमणीएवढं खाणार. पण आता हाड कशातून येणार?

२४ सप्टेंबर

पहिला एक्स-रे. डॉक्टरांनी दिव्याच्या काचेवर लावला. वरचं हाड पांढरं, खाली सरकलेला तुकडा पांढरा, मधली फट काळी. स्वच्छ काळी.

मी विचारलं, नवं हाड कुठे आहे? डॉक्टर म्हणाले, कोवळं हाड फोटोत येत नाही. मग म्हणाले, "पण एव्हाना ढगासारखं पुसट काहीतरी दिसायला हवं होतं."

हवं होतं. घरी येईपर्यंत डोक्यात तेवढंच.

निघायच्या आधी मी डॉक्टरांना विचारलं होतं, ते हाड भरतं कोण? प्रश्न त्यांना आवडला असावा. गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने काढून दाखवलं. हाडावर पातळ साल असते, आत मगज असतो. तिथून हाड बांधणाऱ्या पेशी निघतात. पण त्या मोकळ्या जागेत उडी मारत नाहीत. आधी केसाहून बारीक रक्तवाहिन्या फटीत शिरतात. त्यांच्या कडेकडेने पेशी चालत जातात. "आधी रस्ता, मग गवंडी," डॉक्टर म्हणाले. जागेवर पोचल्या की अंगातून चिकट लगदा सोडतात. त्यावर चुना धरतो, तो कडक होतो, त्याचंच हाड.

"चालतात म्हणजे? पाय असतात का त्यांना?"

"पाय कसले! अंगाचा पुढचा भाग लांब करायचा, टेकवायचा, चिकटवायचा. मग मागचा ओढून घ्यायचा. असंच करत जायचं."

आईने सगळं ऐकलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "तुझ्या त्या पेशी पाटोद्याच्या बाजाराला गेल्या असत्याल. यष्टी चुकली असंल."

२५ सप्टेंबर

आई वॉकर धरून ओट्यापर्यंत गेली. वॉकर पुढे ठेवते, टेकवते, मग रिंगेचा पाय ओढून घेते. परत पुढे, परत ओढ. मी दारात उभा राहून बघत होतो. आतही कोणीतरी असंच निघालेलं असेल.

निघालेलं असू दे.

३ ऑक्टोबर

घटस्थापना. दुकानात फ्लेक्सचं मशीन थांबत नाही. नवरात्रीच्या हार्दिक शुभेच्छा, खाली शुभेच्छुकांची रांग. एका बॅनरवर 'शुभेच्छुक'मधला पहिला उकार दीर्घ पडला होता. छापायच्या आधी दिसला म्हणून बरं. दस्तगीरभाई म्हणाले, जीप साठच्या स्पीडने जाते, कोण वाचतं? मी वाचतो. बाबा मी दुसरीत असताना गेले. पुढे अकरावी अर्ध्यात सुटली. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सुटलं नाही.

त्या नादात दुपारचा नट उशिरा फिरवला. उशीर झाला की पेशी वाट बघतात की परत जातात? हे डॉक्टरांना विचारायचं राहिलंच आहे.

८ ऑक्टोबर

दुसरा एक्स-रे. काळंच.

डॉक्टरांनी एकेक विचारलं. ताप? नाही. तारांपाशी पू? नाही. गोळ्या वेळेवर? हो. नट योग्य दिशेने? मी रिंगेवरचे ठिपके दाखवले. प्रत्येक नटाला नेलपॉलिशची खूण केली आहे, कुठून सुरू केला ते कळावं म्हणून. डॉक्टरांनी ठिपक्यांकडे बराच वेळ पाहिलं.

मग आईला विचारलं, "तंबाखू? बिडी, गुटखा, काही?"

आईच्या आधी मीच बोललो. "नाही डॉक्टर. आमच्या घरात तंबाखू कोणीच खात नाही. वडीलसुद्धा खात नव्हते." आईने मान डोलावली. मला जरा रागच आला होता. एवढं सगळं करतो आहे, आणि हे असं विचारतात!

मग आईला बाहेर बसवून मला आत बोलावलं. नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा फोटो काढायचा. तेव्हाही फट काळी असेल तर कमरेचं हाड काढून तिथे भरावं लागेल. आधी पू झालेला पाय आहे, पुन्हा होऊ शकतो. पुन्हा झाला तर गुडघ्याखाली —

पुढचं त्यांनी हाताने दाखवलं.

आईने विचारलं, काय म्हणले? मी म्हणालो, अंडी खा म्हणाले.

९ ऑक्टोबर

आता आठ दिवस उलटं फिरवायचं आहे. फट जरा दाबली तर आतलं जागं होईल, असं डॉक्टर म्हणाले. मग पुन्हा सरळ. सकाळी पहिला नट उलटा फिरवला. एवढे दिवस मिळवलेलं माझ्याच हाताने परत द्यायचं. ठिपके सगळे चुकीच्या जागी दिसतात.

आई म्हणाली, "कावून रे तोंड पाडलंस? पाय माझा हाय."

१२ ऑक्टोबर

दसरा. कौशल्याकाकू आपट्याची पानं घेऊन आल्या. आई म्हणाली, सोनं पायात टाक, तितं लई जागा हाय. दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

मी आत जाऊन भांडी घासली.

१७ ऑक्टोबर

मिश्रीची डबी रिकामी झाली होती. कौशल्याकाकूच करतात आमची मिश्री. मी डबी घेऊन गेलो. त्या परसात बसल्या होत्या. तीन विटांवर जुना तवा, तव्यावर पानं भाजत होती. धुराने घसा धरला. मी खोकत बाजूला झालो. त्यांनी कोपऱ्यातलं पुडकं माझ्याकडे सरकवलं, म्हणाल्या, जरा मूठभर घाल तव्यात, माझे हात भरलेत.

पुडक्यावर तंबाखूच्या पानाचं चित्र होतं. मी मूठ भरली. तव्यात घातली. आणि मूठ तशीच राहिली.

"काकू, ही तंबाखू."

"मग काय साखरेची करत्यात मिश्री?"

मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून हा धूर, हा खोकला माहीत आहे. मिश्री तंबाखूची असते हे गावातल्या पोरालाही माहीत आहे. पण तंबाखू ती, जी माणसं चुना लावून मळतात, गालात धरतात. मिश्री म्हणजे दात घासणं. पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवायची गोष्ट.

रोज सकाळी मीच हातात देतो. नट फिरवायच्या आधी.

१८ ऑक्टोबर

डॉक्टरांकडे एकटाच गेलो. सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. किती वेळा लावतात? सकाळी, दुपारी, जेवणाच्या वेळेला. कधी मधेही. किती वर्षं? मला आठवतं तेव्हापासून.

हिरडीतून थेट रक्तात जाते, म्हणाले. बारीक रक्तवाहिन्या आवळून धरते. नव्या फुटतच नाहीत. पेशी काठावर उभ्या राहतात. पुढे जायला रस्ताच नाही.

"आजपासून बंद. थोडीसुद्धा नको."

दुकानात आलो. दस्तगीरभाईंना सांगितलं. ते हातातलं काम ठेवून वळले. मग म्हणाले, "अरे, हमारी अम्मी भी लगाती है." आणि उठून बाहेर फोन करायला गेले.

१९ ऑक्टोबर

आईला सांगितलं. तिला ते आधी खरंच वाटेना.

"मी तंबाखू खाते? कुनाला बोलतूस तू?"

"खात नाहीस. पण मिश्री —"

"मिश्री ती. तुझ्या आजीनं जल्मभर लावली. तिची हाडं मोडली न्हाईत कधी."

कडुलिंबाची पूड आणली होती. तिने एक बोट लावलं, थुंकली, डबी भिंतीकडे सरकवली. नट फिरवताना पाय मात्र मुकाट्याने पुढे केला.

२१ ऑक्टोबर

डोकं दुखतं म्हणते. पोट साफ होत नाही. चहा गोड नाही, भाजीत मीठ नाही, उशी टोचते. मी उकळलेलं पाणी गार करत होतो तर म्हणाली, तू काय माझा सासरा हाईस का रे, पहाऱ्यावर बसायला?

खरंच पहाऱ्यावरच बसलो होतो.

२४ ऑक्टोबर

दुपारी आलो. नट फिरवताना तिचा हात रिंगेवर होता. पहिल्या बोटाचं टोक काळं.

नीट पाव फेरा दिला. मग काकूंकडे गेलो. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाल्या, "डोकं फुटायलंय तिचं. मला बघवंना. कणभर दिली."

लिहू नये, पण लिहितो. तिला पाय नको आहे का? मी कशासाठी रोज हे करतो आहे? कापूस, मीठ, नट, अंडी. दमलो. खूप दमलो. दुकानात आज 'आशीर्वाद'चा शी ऱ्हस्व छापून गेला आणि मला दिसलाच नाही.

२६ ऑक्टोबर

एक विचार आला, तो लगेच केला. मोबाइलमध्ये एक्स-रेचा फोटो होता. मशीनवर टाकला. चार फूट उंच.

दस्तगीरभाई मागे उभे राहून बघत होते. "दुनिया साहेबाचा फोटो लावते. हा पठ्ठ्या आईची नडगी लावणार." पण काळा रंग फिका येत होता, तो त्यांनीच गडद करून दिला. कडेला शिवण मारून टांगायच्या भोकांचे डोळेही पाडून दिले. म्हणाले, "खाली शुभेच्छुक म्हणून माझं नाव टाक." मी टाकलं नाही. आता वाटतं, टाकायला हवं होतं.

२७ ऑक्टोबर

आईच्या खाटेसमोरच्या भिंतीवर टांगला. अर्धी गल्ली बघायला आली. कोणाला आधी ते विजेचे खांब वाटले. तारा, रिंगा, खिळे! कौशल्याकाकूंनी नमस्कार करायला हात जोडले आणि मग काय आहे ते कळल्यावर सोडले.

आई आधी लाजली. माणसांसमोर उघडा पाय दाखवल्यासारखी. पदर तोंडाला लावून म्हणाली, काढ ते.

माणसं गेल्यावर मात्र बघत बसली. बराच वेळ.

"ही मी हाय व्हय?"

"हो."

"वरलं हाड ते. ही खाली गेलेली चकती." बोटाने हवेत दाखवत होती. "आन् ह्या मधी कुनीच न्हाई."

"कोणीच नाही."

"उभ्या हाईत म्हनतोस काठावर."

"डॉक्टर म्हणतात."

मग उशीखाली हात घालून मिश्रीची पुडी काढली, माझ्या हातात दिली. चुलीत टाक म्हणाली. मी टाकली. धूर घरभर झाला, दोघंही खोकत बसलो.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. आई सवयीने दातांवरून नुसतं बोट फिरवत बसते. रिकामं बोट. मी बघितलं की हात पदराखाली घेते.

नट पुन्हा सरळ चालू आहेत. डॉक्टरांनी वेग कमी केला आहे. गवंड्यांना वेळ द्या, म्हणाले.

९ नोव्हेंबर

काकू आल्या. आईने त्यांना भिंतीवरचं दाखवलं आणि सगळं स्वतः सांगितलं. साल, मगज, रस्ता, पेशी. "पुढं टेकायचं, मागलं वढायचं," म्हणाली, आणि वॉकर धरून करूनही दाखवलं. काकूंनी विचारलं, मग सुटली का गं तुझी? आई म्हणाली, "सुटती कशाची. तोंड धरून बसलेय."

मी स्वयंपाकघरात होतो. ऐकलं.

२० नोव्हेंबर

एक्स-रे जवळ आला आहे. सकाळी एक नट फिरवला की नाही ते आठवेना. ठिपका बघितला — फिरवला होता. तरी परत बघितला. आई म्हणाली, त्या ठिपक्याला नजर लागंल तुझी.

ओट्यावर बसून तिने आज शेंगा सोलल्या. सोलता सोलता तोंडात टाकत होती.

२७ नोव्हेंबर

फोटो काचेवर लागला तेव्हा मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होतो. फोटोकडे बघायची हिंमत झाली नाही.

डॉक्टर पुढे वाकले. चष्मा काढला. परत लावला. मग पेनाचं टोक फटीवर ठेवलं. वरच्या काठापासून खाली, आरशावर वाफ धरावी तसं काहीतरी. मला आधी दिसलं नाही. मग दिसलं. मग दुसरं काही दिसेचना!

"गवंडी आलेत," डॉक्टर म्हणाले. एवढंच. अजून रिंग कित्येक महिने राहणार, अजून काही होऊ शकतं, मिश्री पुन्हा नको. हे सगळं नंतर. कमरेचं हाड काढायचं आता नाही.

आईने मान वळवून काचेकडे बघितलं. "आल्या व्हय? कुठं गेलत्या एवढे दिस?"

दस्तगीरभाईंना फोन केला. नीट बोलता आलं नाही. ते म्हणाले, बस कर, मशीन चालू आहे, काही ऐकू येत नाही. मशीनचा आवाज मात्र येत नव्हता.

२८ नोव्हेंबर

संध्याकाळी जेवताना आईने रिकामं ताट माझ्यापुढे केलं. आजून एक भाकरी हाय का, म्हणाली. मी बघतच राहिलो.

"मिश्री सुटल्यापासनं लई भूक लागायली. तुझा बाप गेला त्या साली लागली मिश्री. तिनं भूक मरती."

मला आठवतं. मी जेवायला बसलो की ती उंबऱ्यात बसून मिश्री लावायची. म्हणायची, तू खा, माझं झालं. हे बघ, दात बी घासून झालं.

भाकरी संपल्या होत्या. पीठ मळायला बसलो. मला नीट थापता येत नाही, कडा फाटल्या. तिने ती सगळी खाल्ली, आणि ताट परत पुढे केलं.